यल्लाप्पाने उतरवलेली भिंत

धामणदऱ्यात यल्लाप्पा धोत्र्याची ख्याती अशी, की त्याच्या हातून ओबडधोबड दगड कधी बाहेर गेला नाही. पायरीचा असो, विहिरीच्या काठाचा असो, की शेजारणीने लसूण ठेचायला मागितलेला तळहाताएवढा तुकडा असो. यल्लाप्पाच्या पुढ्यात आलेला दगड तोंड धुऊन, भांग पाडूनच उठायचा. लोक म्हणायचे, यल्लूअण्णाकडं दगड नेऊ नका, तो परत ओळखू येत नाही.

त्याचा जन्म एका धरणाच्या कामावरचा. बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर आणि घर म्हणजे चार काठ्यांवर ताणलेले पाल. त्याने आयुष्यात सहा शाळा बांधल्या, शिकला मात्र एकीतही नाही. पण विहीर तो वाचायचा. वाई-पाचगणीच्या अंगाला त्याने तीनशेहून जास्त विहिरी खणल्या आणि प्रत्येक विहिरीत त्याला तोच धडा दिसला. वर माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या दगड, त्याखाली काळा कातळ. कातळ संपला की हातभर तांबडी माती, आणि तिच्याखाली पुन्हा मांजऱ्या, पुन्हा कातळ, पुन्हा तांबडी. एकावर एक भाकऱ्या ठेवून मध्ये चटणीचा हात फिरवावा तसे.

बारा-तेरा वर्षांचा असताना त्याने विहिरीच्या तळातून बापाला हाक मारून विचारले होते, "आप्पा, ह्ये परत परत का येतंय?"

बाप वरून म्हणाला, "देवानं रचलंय. तू खण."

तो खणत राहिला. बाप गेला, पाठ वाकली, मिशा पिकल्या. प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

मग एका माघात घैसासबाई आल्या. पुण्याच्या कॉलेजात दगडांचे शास्त्र शिकवणाऱ्या नलिनी घैसास. पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, डोक्यावर पुरुषी टोपी, गळ्यात दोरीला बांधलेले भिंग. घाटाचा रस्ता रुंद व्हायचा होता आणि कडा सुरुंगाने उडायच्या आत बाईंना त्याच्या तळापासून माथ्यापर्यंत प्रत्येक थरातला एकेक दगड हवा होता. दगड फुटू न देता कड्यातून सोडवणारा माणूस कोण, असे त्यांनी विचारले, तेव्हा पंचक्रोशीने एकच बोट दाखवले.

पंधरा दिवस दोघे कड्याला चिकटून होते. बाई दगड निवडायच्या, त्यावर होकायंत्र धरायच्या, लाल तेलरंगाने काहीतरी रेघ मारायच्या, वहीत लिहायच्या; मग यल्लाप्पा पहार, टाकी आणि पाचर लावून तो दगड अलगद मोकळा करायचा. दुपारी भाकरी सोडली, की बोलणे निघायचे.

"बाई, एक इचारू? हसचाल."

"हसले तर भाकरी देऊ नका."

त्याने तो जुना प्रश्न विचारला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तांबड्या मातीचे ढेकूळ उचलून त्याच्या तळहातावर ठेवले.

"अण्णा, ही एके काळची जमीन आहे. हिच्यावर झाडं होती, पाऊस पडत होता. मग धरणीला भेगा पडल्या आणि त्यातून रस वर आला, गूळ उतू गेल्यासारखा. शे-दोनशे कोस पसरला. तो थिजला, तो हा काळा कातळ. मग हजारो वर्षं शांत. कातळाची माती झाली, तिच्यावर रान उगवलं. आणि पुन्हा रस आला. खालची माती भाजून निघाली विटेसारखी. म्हणून ती तांबडी."

यल्लाप्पा कितीतरी वेळ ते ढेकूळ चुरत बसला. याच मातीने त्याच्या घरची चूल चाळीस वर्षे सारवली जात होती.

"म्हंजी आमी हिरीत उतरतुया ते एका रानातनं दुसऱ्या रानात."

"अगदी."

"आन् मग त्या रानातली जनावरं?"

"तिथंच तर सगळं येऊन थांबतं," बाई म्हणाल्या. "सहा कोटी साठ लाख वर्षांमागं घराएवढाली जनावरं पृथ्वीभर होती. ती संपली. नुसती इथली नाही, सात समुद्रांपलीकडचीही. रस तिथवर कसा पोचेल? पण रसाबरोबर वाफा निघाल्या होत्या. गंधकाची वाफ उन्हं अडवते, तेव्हा थंडी पडते. ती खाली बसते, पण दुसरी वाफ आभाळात राहते आणि वर्षानुवर्षं उकाडा वाढवते. समुद्राचं पाणी आंबतं. आधी गवत-पाला, मग ते खाणारे, मग त्यांना खाणारे. काही लोक म्हणतात, तसं नाही, आभाळातून एक डोंगराएवढा धोंडा समुद्रापार पडला, त्यानं सगळं संपवलं."

"आन् तुमी काय म्हंता?"

"मी म्हणते, आधी दगडांना विचारू. रस सावकाश आला, की धडाधड आला? सावकाश आला असेल तर आभाळाला सावरायला वेळ मिळाला. धडाधड आला असेल, तर जनावरं धोंडा पडायच्या आधीच अर्धमेली होती."

यल्लाप्पाने मिशीवरून हात फिरवला. "मोठा कातळ फोडताना आमी वळीनं धा पाचरी ठोकतो, बाई. एकेकीवर घण घालत जायाचं. फुटायच्या आदी कातळाचा आवाजच बदलतो, खणखण जाऊन बदबद येतो. मग कुटल्याबी पाचरीवर मारा, फुटतुया. बगणाऱ्याला वाटतं, शेवटच्या पाचरीनं फुटला."

बाई घास हातात धरून थांबल्या. "यावरच तर आमच्यात मारामाऱ्या चालल्यात हो," त्या म्हणाल्या.

बेचाळीस दगड निघाले. प्रत्येक दगड आकड्याच्या कापडी पिशवीत घालून यल्लाप्पाच्या अंगणात आणला, आणि त्याच संध्याकाळी बाईंना थंडी भरून आली. जीप त्यांना घेऊन पुण्याला गेली. जाताना त्या एवढेच म्हणाल्या, "अण्णा, दगड सांभाळा."

दगड सांभाळा म्हणजे काय, हे बाईंनी सांगितले नाही. दगडाला कोण हात लावणार, असे त्यांना वाटले असेल. दगड पुढ्यात असून त्याला हात न लावणारी माणसेच त्यांनी पाहिली होती. पाथरवटाच्या अंगणात त्या कधी राहिल्या नव्हत्या.

पहिले दोन दिवस यल्लाप्पाने कळ सोसली. त्या दिवसांत तो स्वतःचे घर बांधत होता. चाळीस वर्षे दुसऱ्यांची घरे उभी केल्यावर हे पहिले दगडी घर, त्याचे आणि त्याच्या बायकोचे, नरसव्वाचे. पूर्वेची भिंत गुडघ्याएवढी आली होती. पण डोळ्यांपुढे ते बेचाळीस दगड. शेवाळलेले, कुजकी साल अंगावर, कोपरे वाकडे. कॉलेजातली शिकलेली माणसे उद्या ते हातात घेऊन बघणार आणि विचारणार, कुणी काढले? तिसऱ्या दिवशी त्याने टाकी उचलली.

"कुणी सांगितलंय?" नरसव्वाने विचारले.

"सांगाय कशाला लागतंय? बाईनं आपल्याला मान दिला. असं पारोसं धाडायचं व्हय?"

"करा मग त्येंची हजामत. सोताचं घर ऱ्हाऊ दे गुडघ्यावर."

दिवसा भिंत, उन्हे कलली की बाईंचे दगड, असे चालले. साल उडाली, कोपरे काटकोनात आले. निघालेल्या कपच्या वाया कशा घालवायच्या? भिंतीच्या दोन तोंडांमध्ये भर लागतेच. कपच्या भिंतीच्या पोटात गेल्या. बाराव्या दिवशी भिंत कमरेला आली आणि ओट्यावर, आपापल्या पिशवीपुढे, बेचाळीस दगड ओळीने बसले. प्रत्येकाला सहा तोंडे, प्रत्येक तोंड शाळेच्या पाटीसारखे.

बाई बुधवारी सकाळी आल्या. यल्लाप्पा पटका बांधून ओट्याशेजारी उभा होता. बाईंनी दगडांकडे पाहिले आणि त्या मटकन खाली बसल्या. यल्लाप्पाला वाटले, आनंदाने.

"अण्णा," बाई हळू म्हणाल्या, "बाण कुठं आहेत?"

"कसलं बाण?"

"लाल रंगाचे. मी दगडांवर काढलेले."

"त्ये व्हय! ते गेलं सालीबरूबर. कुजका भाग व्हता, समदा काढला. बगा की, हात तर फिरवून बगा."

बाईंनी हात फिरवला नाही. नरसव्वाने पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तो तसाच राहिला. मग बाईंनी सांगितले, एकही शब्द चढवून न बोलता. रस थिजतो तेव्हा त्यातले लोखंडाचे कण त्या काळच्या उत्तरेकडे तोंड करून बसतात आणि कायमचे तसेच राहतात. पृथ्वीची ती उत्तर अधूनमधून उलटते. दक्षिणेला जाते, परत येते. कुठल्या थरात ती कुठे होती हे कळले, की कुठला थर कधीचा आणि रस किती घाईने आला, ते कळते. पण त्यासाठी दगड डोंगरात कसा बसला होता, त्याचे वर कुठे, उत्तर कुठे, हे पक्के ठाऊक असावे लागते. ते बाणात होते. मुंबईतल्या यंत्रावर बाईंची पाळी येत्या सोमवारी होती, आणि कडा तर चार दिवसांपूर्वीच सुरुंगाने उडाला होता.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "मी सांगायला हवं होतं."

यल्लाप्पाच्या कानांत हे शिरलेच नाही. त्याला फक्त एवढे कळले, की दगडांना जे सांगायचे होते ते त्याने त्यांच्या तोंडातून काढून घेतले. ज्या कामाला तो आयुष्यभर अब्रू म्हणत आला, त्याच कामाने.

"बाई," तो अखेर म्हणाला, "बाण असलेली ती साल घावली आन् दगडाला हुती तशी बसवली, तर चालंल?"

"बसली तर चालेल. पण ती कुठं आहे आता?"

यल्लाप्पाने भिंतीकडे पाहिले. नरसव्वाला आधी कळले.

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई म्हंजी न्हाई. चाळीस वर्सं पालात काडली म्या. पाऊस अंगावर घेतला, लेकरं अंगावर घेतली. ती भिंत माजी हाय."

"तुजीच हाय."

"मग?"

"परत बांधीन."

"तुमच्या गुडघ्यांस्नी इचारलं का?"

बाई उठून म्हणाल्या, "नाही अण्णा, भिंत पाडायची नाही. मी पुढच्या वर्षी दुसरीकडं बघेन." पण त्यांचा आवाज त्यांनाच खरा वाटला नाही. नरसव्वाने त्यांच्या तोंडाकडे पाहिले, मग नवऱ्याच्या. मग घरात गेली आणि सूप घेऊन बाहेर आली.

"पाडू नगासा," ती म्हणाली. "उतरवा. एकेक थर. कपच्या मी निवडते. आन् परत बांधली न्हाईसा तर तुमास्नीच भरीत घालीन."

यल्लाप्पाने भिंत उतरवली. पाडणारे पुष्कळ पाहिलेत, उतरवणारा तो एकच. वरचा थर प्रथम, प्रत्येक दगड जिथला तिथे जमिनीवर मांडलेला, आणि पोटातली भर घमेल्यात. नरसव्वा ती सुपात पाखडायची. माती उडून जायची, कपच्या खडखडायच्या, लाल डाग दिसला की ती वेगळी काढायची. बाई काळ्या कापडावर त्या मांडत होत्या आणि सरसाची बाटली घेऊन बसल्या होत्या.

कपची कुठल्या दगडाची, हे मात्र एकट्या यल्लाप्पाला कळायचे. तो रंग बघत नव्हता. कपचीच्या आतल्या अंगावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "ही नवाची. हितं टाकी तिरकी बसली हुती, मागनं नरसव्वानं हाक मारली तवा." बाई नऊ नंबर पुढे करायच्या. कपची दगडावर ठेवली, की असा आवाज यायचा जसा डब्याला झाकण बसल्यावर येतो. एवढी बारीक मिळणी, की केस शिरायचा नाही. पहिल्यांदा झाले तेव्हा बाईंनी भिंगातून पाहिले. चौथ्यांदा भिंग खाली ठेवले.

"अण्णा, तुम्हाला प्रत्येक घाव आठवतो?"

"घाव कुटं आटवत्यात? हाताला आटवतुया."

शुक्रवारी दुपारपर्यंत एकोणचाळीस दगडांना त्यांची साल परत मिळाली. चांगले घडवलेले ते दगड पुन्हा शेवाळलेले, वाकडे-तिकडे झाले, आणि यल्लाप्पा ते स्वतःच्या हाताने करत होता. तीन राहिले. नंबर चार, एकतीस आणि सतरा. त्यांची साल हातोड्याखाली भुगा होऊन गेली होती.

चार आणि एकतीस बाईंनी लगेच सोडून दिले. सतरा त्यांच्याने सोडवेना. सगळ्यांत जाड तांबड्या मातीच्या लगेच वरचा तो दगड. लांबलचक शांततेनंतर आलेला पहिला रस. त्याच्यावाचून बाकीच्यांची साखळी मधोमध तुटत होती.

"वर कुठलं, ते तर सांगाल?"

"ह्ये वर. बुडबुडं हिकडं चढल्यात."

"आणि कड्यात तोंड कुठं होतं?"

यल्लाप्पाने दगड हातात फिरवला. डोळे मिटले. पुन्हा फिरवला. "उगवतीच्या अंगाला. पर किती उगवतीला, ते न्हाई सांगता येत."

"अंदाजानं सांगा. एवढे अचूक एकोणचाळीस जुळवलेत. तुमचा अंदाज मी मानते."

मान डोलवली असती तर भागले असते. बाईंचे काम पुरे झाले असते, झालेली चूक झाकली गेली असती, आणि जगात कुणालाही कळले नसते. अंगणात तिघेच होते.

"अंदाजानं ह्यो दगूड खोटं बोलंल, बाई," यल्लाप्पा म्हणाला. "मुका ऱ्हायला तर चालंल. एकदा म्या त्येचं तोंड बंद केलंय. आता त्येच्या तोंडात माजं बोलणं घालू?"

बाईंनी मान खाली घातली. मग त्याच्या हातातून तो दगड घेऊन त्यांनी बाजूला ठेवला.

"पर ऐका," यल्लाप्पा म्हणाला. "घाटातला कडा उडाला. पट्टा कुटं उडालाय? ती तांबडी डोंगराला कमरपट्ट्यावानी फिरती. म्या मागल्या अंगाला बगितलीय, गिधाडकड्याला. तिच्यावरचा काळाबी त्योच, तांदूळ पेरल्यावानी पांढऱ्या दाण्यांचा."

"तिथं जाता येतं?"

"मध काडणारं जात्यात."

"आणि तुम्ही?"

"जाईन की," तो म्हणाला, आणि नरसव्वा फक्त म्हणाली, "दोर माज्या हातात ऱ्हाईल."

शनिवारी पहाटेच तिघे निघाले. गिधाडकड्याच्या माथ्यावर एक जुनी अंजनी आहे. तिच्या बुंध्याला दोराचे दोन वेढे देऊन नरसव्वा पाय रोवून बसली. विहिरीत उतरलेल्या नवऱ्याचा दोर तिने तीस वर्षे असाच धरला होता. आधी यल्लाप्पा उतरला, मग त्याने बाईंना खालच्या वीतभर कंगोऱ्यावर घेतले. पायाखाली दरी, नाकासमोर तो तांबडा पट्टा. बाईंनी भिंग लावले. पांढरे दाणे मोजले, खालच्या मातीचा चुरा जिभेवर ठेवून पाहिला, आणि यल्लाप्पाकडे बघून नुसती मान हलवली. तोच.

बाईंनी एका हाताने कडा धरला आणि दुसऱ्याने होकायंत्र दगडाला लावले. यल्लाप्पाने आपला पंजा खाली आधाराला दिला. रेघ निघाली, बाण निघाला, वहीत आकडे गेले.

"अण्णा, आता सांगून ठेवते..."

"नगा सांगू," तो म्हणाला.

त्रेसष्ट वर्षांच्या त्या माणसाने एका हाताने मुळी धरून, दुसऱ्या हाताने पाऊण तास पाचरी सारल्या आणि दगड सोडवला. एक कपची उडू दिली नाही. वरून नरसव्वा विचारत होती, "हायसा का गेलासा?" आणि खालून तो ओरडत होता, "हाय अजून, भाकरी कर!"

दगड चांगला अर्ध्या मणाचा. बाई म्हणाल्या, जीपपर्यंत दोघे मिळून नेऊ. यल्लाप्पाने तो चुंबळीवर चढवला आणि चालू लागला. वाट गावातून होती. शनिवारचा बाजार भरलेला. चहाच्या टपरीवर भिवा न्हावी बसला होता. त्याने पाहिले आणि हातातला कप खाली ठेवला.

"काय वो यल्लूअण्णा! आसला दगूड तुमच्या डोक्यावर? मातारपणी हात ढिला पडला का काय?"

चार लोक वळून बघू लागले. एका म्हाताऱ्याने जवळ येऊन खात्री केली. दगडाला एक कोपरा धड नव्हता. अंगावर शेवाळ, बुडाला तांबडी माती, आणि वर कुणी पोराने काढावा तसा लाल बाण.

यल्लाप्पाची मान ताठ होती, पण ती ओझ्याने होती. त्याला उत्तर द्यायचे होते. रसाचे, वाफेचे, उलटणाऱ्या उत्तरेचे, आंबलेल्या समुद्राचे सगळे त्याच्या ओठांपर्यंत आले. पण ते बाजारात सांगायला वेळ लागला असता आणि बाईंना मुंबई गाठायची होती.

"व्हय," तो म्हणाला. "ढिला पडलाय. जरा वाट द्या."

लोक हसले. बाई मागून चालत होत्या. त्यांनी काही बोलायला तोंड उघडले, पण नरसव्वाने त्यांचा दंड धरला आणि मानेने नको म्हटले.

जीपमध्ये चाळीस पिशव्या लागल्या. सतरा नंबरची नवी पिशवी बाईंनी मांडीवर घेतली. जीप वळणाआड गेल्यावर यल्लाप्पा अंगणात आला. मुके राहिलेले तीन घडीव दगड ओट्यावर बसले होते, आणि जमिनीवर उतरवलेली भिंत थराथराने निजली होती.

"जेवा आदी," नरसव्वा म्हणाली.

"जेवतो. पैला थर तेवडा धरू दे," तो म्हणाला, आणि सुतळी ताणायला वाकला.